जुवातली ढील

ती होडी अजून चालते. ती चालवणारा तांडेल अधूनमधून तिचे फोटो मोबाईलवर पाठवतो. कधी जाळ्याचा ढीग, कधी सुरमई, कधी नुसतंच पाणी. मी अंगठा पाठवून मोकळा होतो. फोटोत होडीचा पुढचा भाग आलाय का, एवढं मात्र दर वेळी बघतो. तिथंच माझ्या दाजींच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली. त्याचा दोष दाजींनी स्वतःकडे घेतला होता. तो त्यांचा नव्हता, हे मला एकट्याला माहीत होतं.

नगरच्या एमआयडीसीत माझी शेड आहे. आधी आम्ही उसाच्या ट्रॉल्या बांधायचो. कोपरगाव, नेवासा, सगळीकडच्या कारखान्यांना आमच्या ट्रॉल्या ऊस ओढायच्या. आम्ही म्हणजे मी आणि दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते तिसगावचे. जुळवणीचं काम त्यांचं. त्यांनी नट आवळला की पुन्हा हात लावून बघायची शेडमध्ये कुणाची पद्धत नव्हती. हिशेबाचं, गिऱ्हाइकाचं आणि डोकं चालवायचं काम माझं. डोकं मला जरा जास्तच चालवायची सवय होती.

ट्रॉलीच्या कामात एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. सगळं घट्ट करायचं नसतं. भरलेली ट्रॉली उसाच्या फडातून चर, बांध ओलांडत रस्त्याला लागते, तेव्हा तिचं अंग पिळवटून निघतं. सांगाडा ताठ असला तर जोड तडकतो. म्हणून ठरावीक ठिकाणी भोक जरा मोठं पाडायचं, मध्ये रबराची चकती घालायची. जोडाला ढील द्यायची. रिकामी ट्रॉली परत निघाली की हे जोड खट्-खट् वाजतात. ट्रॅक्टरवाला त्या आवाजाने वैतागतो. मला मात्र तो ऐकून बरं वाटायचं. ढील आपलं काम करतेय, असा त्याचा अर्थ. आमच्या ट्रॉलीचा सांगाडा तडकत नाही म्हणून लोक सांगत यायचे, आणि त्याचं श्रेय मी या ढिलीला, म्हणजे स्वतःला, देत असे.

पुढे फायबरचं काम सुरू केलं. पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे, मग धरणात मासेमारी करणाऱ्यांसाठी लहान होड्या. त्यातली एक दोन पोटांची केली होती. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, वर आडव्या तुळया आणि त्यावर फळ्या. तिचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर टाकला. तो रायगडकडच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारीच्या होडीवर ज्याचा शब्द चालतो त्याने, पाहिला. त्याला खोल समुद्रात जाणारी तशीच मोठी होडी हवी होती. आराखडा त्यानेच कुणा जाणकाराकडून करून आणला. मी समुद्र तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा सहलीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. तरी काम घेतलं.

होडी अख्खी घाटातून उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून ती सुटी होणारी केली. दोन पोटं वेगळी, तुळया वेगळ्या. तुळईचं टोक पोटावरच्या लोखंडी बैठकीवर बसायचं आणि जाड बोल्टांनी आवळायचं. किनाऱ्यावर नेऊन पुन्हा जोडायची. आराखड्यात त्या जोडाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं की बोल्ट भोकात घट्ट बसला पाहिजे, तिथे जराही हालचाल नको. आम्ही आधी तसंच केलं.

पहिली चाचणी नेवाशाच्या बाजूला, जायकवाडीच्या फुगवट्यावर घेतली. धरणाचं पाणी मागे शेतांपर्यंत पसरतं त्याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. दुपारचं वारं सुटलं की तिथेही लाटा उठतात, त्या आम्हाला पुरेशा वाटल्या. मेंढरं पाण्यावर घेऊन आलेला एक म्हातारा काठी टेकवून आमचं काम बघत उभा होता.

"ह्याला बैल कुठं जुंपायचं?" त्याने विचारलं.

"बैल पान्यात हायेत की, बाबा," दाजी म्हणाले. "ही काय जोडी. आन ह्ये त्यांचं जू."

"मंग वैरन काय टाकता?"

"डिझेल."

"लई खात आसत्याल," म्हातारा म्हणाला आणि मेंढरांमागे गेला.

तेव्हापासून त्या तुळयांना आम्ही जूच म्हणू लागलो. होडी फुगवट्यावर झकास चालली. वाळूची पोती भरून चालवली, वळवली, वाऱ्यावर आडवी धरली. दाजी पुढच्या जुवावर मांडी घालून बसले होते, वरातीतल्या पाव्हण्यासारखे.

होडी परत शेडमध्ये आणून सुटी केली तेव्हा पुढच्या बैठकीजवळ मला फायबरवर केसाएवढी रेघ दिसली. आता मला माहीत आहे की ती नुसती वरच्या रंगाच्या थरातली होती. त्या दिवशी मी ती ट्रॉलीवाल्याच्या नजरेने वाचली. जोड ताठ आहे, सांगाडा पिळवटायला जागा मागतोय.

दाजी तेव्हा भावकीतल्या लग्नासाठी तिसगावला गेले होते. ट्रक ठरलेला होता. मी जुवांची टोकं आणि बैठकी दोन्हींतली भोकं मोठी केली, त्यांत ट्रॉलीला घालतो तशाच रबराच्या चकत्या बसवल्या, वरून रंगाचा हात दिला, त्या दिसेनाशा झाल्या. तांडेलाला विचारलं असतं तर त्याने आराखडा करणाऱ्याला विचारलं असतं, आणि त्याने नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. दाजींना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "पाव्हनं, आदी त्यास्नी इचारा." म्हणून त्यांनाही सांगितलं नाही. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो, पण ते नाही.

किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी दाजींनी होडी जोडली. मी शेजारी उभा होतो. लांब दांड्याचा पान्हा, पाय बैठकीला लावून, दम धरून शेवटचा आटा. रबर दाबलं गेलं की पान्ह्याला घट्टच लागतं. आवळणाऱ्याला आत ढील आहे हे कळायचं कारण नाही. प्रत्येक नट आवळला की ते त्यावर थाप मारायचे आणि पुढे सरकायचे. पुन्हा मागे वळून बघायचे नाहीत.

पहिल्या दिवशी समुद्र शांत होता. होडी सरळ गेली, सरळ आली. मी तांडेलाकडे पाहिलं.

"शेट, असल्या पाण्यात माझी आजी पण परातीत बसून जाईल," तो म्हणाला. "वारा येऊ दे. मग बघू."

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते. त्या दिवसांत समुद्र आतून फुगायला लागतो, असं तो म्हणाला होता. वारा आला त्या सकाळी तांडेलाने आम्हाला उठवलं नाही, आम्ही आपोआपच उठलो. खाडीबाहेर पडलो आणि मला कळलं की फुगवट्यावर मी लाटा पाहिल्याच नव्हत्या. तिथलं पाणी होडीला खालून थापट्या मारायचं. इथे सगळं पाणीच जागेवरून उचललं जात होतं. डावं पोट वर जायचं तेव्हा उजवं खाली असायचं, मग उलट. दोन बैल वेगवेगळ्या रस्त्यांनी निघाले होते आणि जू मध्ये धरून होतं.

मी आतल्या खांबाला मिठी मारून बसलो.

"शेट, सोडा त्याला," तांडेल सुकाणूवरून ओरडला. "खांब पळत नाही!"

मग मला ओकारी झाली. दाजी हसायला लागले. "पाव्हनं, सकाळचं पोहं समुद्राला आवडलं बगा. आजून हाय का?"

ते हसत असतानाच तो आवाज आला. पुढच्या जुवाकडून. खट्-खट्. खट्-खट्. आणि हे मला सांगितलंच पाहिजे, की तो ऐकून मला आधी बरं वाटलं. ओळखीचा आवाज. रिकामी ट्रॉली कारखान्याकडून परत निघाली आहे, ढील काम करतेय. तेवढे काही क्षण मी समुद्रावर नव्हतोच.

पण ट्रॉलीला चर अधूनमधून लागतो. इथे चर संपत नव्हता. प्रत्येक लाटेला जोड हलत होता, रबर चुरत होतं, भोक आणखी मोकळं होत होतं. आवाज खट् वरून धडपर्यंत आला. तांडेलाने इंजिन मंद केलं आणि विचारलं, "काय वाजतंय ते?"

"नट ढिला झाला आसंल," दाजी म्हणाले. "बगतो."

त्यांनी पान्हा कमरेला खोचला आणि दोन पोटांमध्ये ताणून बांधलेल्या जाळीवरून सरपटत पुढे निघाले. नट ढिला नव्हता, हे मला माहीत होतं. आवळून काही होणार नाही हेही माहीत होतं. जू आणि बैठक यांच्यात आता फट पडली असणार, प्रत्येक लाटेला ती उघडत आणि मिटत असणार, आणि बोल्ट खालून धरायला माणूस तिथेच हात घालणार, हेसुद्धा मला माहीत होतं. ट्रॉलीखाली मी हजार वेळा तसा हात घातला आहे, ती उभी असताना. मी तोंड उघडलं. तांडेल माझ्याकडे बघत होता. हाक मारली असती तर का, ते सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं.

दाजी ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हात छातीशी धरला आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं, त्यांना थंडी वाजतेय.

परत येताना तांडेल एकदाच बोलला. "नट कोणी आवळले होते?"

मी काही म्हणायच्या आत दाजी म्हणाले, "मी."

जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन्ही बोटं पेरांपासून काढावी लागली. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी होडी दुरुस्त करायची म्हणून एकटाच खाडीवर गेलो. उरलेल्या चकत्या काढल्या, खिशात घातल्या आणि जरा पुढे जाऊन पाण्यात टाकल्या. रबर बुडतं असं मला वाटलं होतं. त्यांतली एक तरंगत राहिली. ओहोटी तिला घेऊन जाईपर्यंत मी तिथे थांबलो. मग भोकं वेल्डिंग करून भरली, आराखड्यात होती तशी नवी पाडली, जोड घट्ट केला. त्यानंतर होडीने कसलाही समुद्र झेलला. दुरुस्ती झकास झाली म्हणून तांडेलाने माझी पाठ थोपटली.

दाजी बरे होऊन शेडमध्ये आले. दोन बोटांवाचून त्यांचं फारसं अडलं नाही, पकड त्यांनी बदलून घेतली. अडलं दुसरीकडेच. नट आवळला की ते पुढे जायचे आणि परत यायचे. पान्हा लावून बघायचे. पुन्हा पुढे जायचे, पुन्हा परत. शेडमधली माणसं आधी गप्प राहिली, मग एकमेकांना डोळ्यांनी खुणावू लागली. ट्रॉली ठरल्या दिवशी होईना. माझी बहीण एकदा म्हणाली, "घरी गॅसचा कॉकबी तसाच बगत्यात. मी बंद केलेला सुदिक. न्हाई म्हनलं तर म्हनत्यात, डोळ्यानं बगितल्याबिगर पटत न्हाई." सगळं हसत सांगितलं तिने. एका दिवाळीनंतर दाजी कामावर आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "पाव्हनं, ह्या हाताचा आता भरवसा न्हाई. कुनाची ट्रॉली रस्त्यात सुटली तर?" त्यांनी तिसगावला शेळ्या घेतल्या.

मी तेव्हाही बोललो नाही. वर्षं गेली. भाऊबीजेला जात राहिलो. दाजी मला मानाने बसायला पाट द्यायचे.

गेल्या वर्षी तांडेलाचा फोन आला. त्याच्या मुलांसाठी त्याला तशीच दुसरी होडी हवी होती. सगळं बोलणं झाल्यावर तो म्हणाला, "एक आहे शेट. आवळायला तो तुमचा पाव्हणा नको हां. माणूस चांगला आहे, पण पोरांचा जीव आहे."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. मी तो बंद करायला सांगितला आणि कशासाठी ते मला सांगता येईना. मग गाडी काढून तिसगावला गेलो.

दाजी अंगणात लिंबाखाली शेळीच्या पायातला काटा काढत होते. बहीण ज्वारी पाखडत होती. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहानंतर मी निघालो असतो.

"दाजी, त्या होडीचं नट तुमी घट्टच आवळलं हुतं," मी म्हणालो.

"आता कशाला त्ये?" ते शेळीकडेच बघत होते. "झालं गेलं."

"ढील मी ठिवली हुती. भोकं मोठी करून. ट्रॉलीवानी. तुमी लग्नाला आला हुता तवा."

त्यांनी शेळी सोडली. मग ते विचारू लागले, दुसऱ्या कुणाच्या यंत्राबद्दल विचारावं तसं. भोक किती सूत जास्त? रबर कुठलं? वरून रंग मारला होता का? मी एकेकाचं उत्तर दिलं. त्यांना हायसं वाटतंय की राग येतोय, ते चेहऱ्यावर दिसेना. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "म्या आवळाया पुढं गेलो, तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"हुतं."

सूप थांबलं. बहीण इतका वेळ ऐकत होती. "आरं, हाक मारायची," ती म्हणाली. रागाने नाही. रस्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तशी. "नुसती हाक मारायची, दाजी थांबा म्हनून."

 

"त्या तांडेलाला फोन लाव," दाजी म्हणाले. मी बहिणीच्या लग्नात हाफ पँटीत होतो तेव्हापासून ते मला अहोजाहो करत आले होते. "माझ्याम्होरं सांग त्याला."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि सांगितलं. दोन वाक्यांत झालं. पलीकडे कुठेतरी बर्फ फोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"शेट," तांडेल म्हणाला, "मी माझी पोरं बसवणार होतो तुझ्या होडीत." मग, "त्यांना दे फोन."

दाजींनी फोन उजव्या हातात घेतला. आवाज मोठा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी तो तसाच कानाला लावला. "व्हय... व्हय, मीच. आवळलं हुतं... आवळलं हुतं मी. घट्ट. न्हाई, आता न्हाई दुकत. थंडीत जरा." मग ते फोन घेऊन गोठ्याच्या मागे गेले आणि तिकडेच बोलत राहिले. बहिणीने सूप पुन्हा हातात घेतलं. बराच वेळ मी तिथे उभा होतो. मला कुणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही.

दुसऱ्या होडीचं काम मला मिळालं नाही. कुणाला मिळालं, मी विचारलं नाही. पहिल्या होडीचे फोटो तेवढे तांडेल अजून पाठवतो. शेडमध्ये माणसांना सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "म्हंजी आमी उगंच हसत हुतो का दाजींना?" आणि त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी डबा उघडला नाही. भाऊबीजेला गेलो, बहिणीने ओवाळलं. दाजी शेळ्या घेऊन रानात गेले होते. पाट तिनेच मांडला.

गेल्या आठवड्यात पाथर्डीहून येताना तिसगावात गाडी हळू केली. त्यांच्या अंगणात कुणाचीतरी ट्रॉली लागलेली होती, ट्रॅक्टरला जोडायचं जू वर करून. हंगाम तोंडावर आला की अशी कामं निघतात. दाजी खाली वाकून पिनीचा नट आवळत होते, पान्हा धरायची त्यांची ती नवी पकड लांबूनही ओळखू येते. ट्रॅक्टरवाला पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. दाजींनी दम धरून शेवटचा आटा दिला, नटावर थाप मारली, पान्हा खाली ठेवला आणि हात पुसत हौदाकडे निघाले.

मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. काच खाली केली नाही. ते परत येऊन बघतात का, एवढंच मला बघायचं होतं. त्यांनी हौदावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी म्हणाले आणि घरात गेले. मागे वळून पाहिलं नाही.

मी गिअर टाकला आणि नगरकडे निघालो.